दोर न बांधता

आमचं घर काशीत, पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत आहे. पायऱ्या उतरून नदीकडे निघालं की डाव्या हाताला एक उंच दगडी भिंत लागते. चुनारच्या दगडाची, कधीकाळी पुराला अडवायला बांधलेली. दर वर्षी पूर ओसरला की तिच्या सांध्यांमधला चुना आणखी थोडा वाहून गेलेला असायचा आणि बोटं जातील एवढ्या खाचा पडायच्या. त्या खाचांत बोटं घालून मी ती भिंत पहिल्यांदा चढले तेव्हा सातवीत होते.

गल्लीतली मुलं बुरुजांवरून गंगेत उड्या टाकायची. त्याचं कुणाला काही वाटत नसे, उलट नावाडी खालून वाहवा करायचे. मी भिंत चढले तर मी खाली उतरायच्या आत घरी बातमी पोचली. माझे बाबा महाराष्ट्रातून अस्थी घेऊन येणाऱ्या लोकांचे विधी करत. एका कुटुंबाचं पिंडदान उरकून ते तसेच ओल्या धोतरानं आले, माझा दंड धरला आणि घरापर्यंत सोडला नाही. आईनं दोन धपाटे घातले. चार दिवसांनी मी पुन्हा चढले. मग पुन्हा धपाटे. असं दोन-तीन हिवाळे चाललं. पुढे भिंतीमागच्या घराच्या मालकांनी तिच्या डागडुजीत सगळे सांधे सिमेंटनं भरून टाकले. माझ्यामुळेच भरले असं आई म्हणायची. मला वाटतं ते पुरामुळे भरले, पण आईचं म्हणणं मला आवडायचं.

हे सांगते ते एवढ्यासाठी, की आमच्या समाजातल्या बायका अजून मला विचारतात, मराठी ब्राह्मणाच्या घरात असलं खूळ आलं कुठून? ते घाटावरूनच आलं, दुसरीकडून कुठून नाही.

मोठी झाले, गणित शिकले, मुलींच्या एका शाळेत शिकवायला लागले. लग्नाची दोन स्थळं आली आणि गेली. त्याच सुमारास गणपतीच्या मंडळात एका बाईशी ओळख झाली. ती साताऱ्याकडची, रेल्वेत नोकरीला, बदली होऊन मुगलसरायला आलेली. माझ्याहून थोडी मोठी. सह्याद्रीत कडे चढत वाढलेली. इकडे येताना तिनं भांडीकुंडी कमी आणली होती, पण दोर आणला होता. बोलता बोलता मी तिला भिंतीची गोष्ट सांगितली. तिनं माझा हात हातात घेऊन बोटं उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, रविवारी मोकळी आहेस का.

रामनगरचा पूल ओलांडून आपण दक्षिणेला जात राहिलो की सपाट शेतं हळूहळू संपतात आणि विंध्याच्या टेकड्या सुरू होतात. पावसाळ्यात तिथे धबधबे असतात, बनारसचे लोक सहलीला जातात, शेणींवर बाटी-चोखा भाजून खातात. धबधब्यांच्या बाजूला, जिकडे कुणी फिरकत नाही, तिथे कडे आहेत. वालुकाश्माचे, गुलाबी-पिवळे, सरळसोट. ज्या कड्याबद्दल मी सांगते आहे त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथे आधीच नको तेवढी माणसं यायला लागली आहेत.

तो कडा मी पहिल्यांदा पाहिला तो सकाळच्या उन्हात. मान मागे टाकून पाहिलं तरी वरची कड एकदम दिसत नव्हती. मध्यावर गिधाडांनी पांढरे केलेले कोनाडे होते, उजवीकडे आग्या मोहोळं लटकत होती, आणि एक उभी भेग खालून निघून जवळजवळ वरपर्यंत गेलेली होती. आमच्या घाटावरून रोज माणसं गंगा पाहून हात जोडतात, ते मी लहानपणापासून पाहत आले आहे. मला तसं कधी आतून आलं नव्हतं. त्या कड्यापुढे आलं. आणि त्याच क्षणी त्याच्यावर चढावंसंही वाटलं. ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा वाटतात ते मला अजून नीट सांगता येत नाही.

तिनं मला सगळं शिकवलं. गाठी, दोर, खाली उभं राहून दुसऱ्याचा दोर कसा सांभाळायचा, कुठला दगड पोकळ आहे ते बोटाच्या पेरानं ठोकून कसं ओळखायचं. पावसानंतर कितीतरी दिवस वालुकाश्म आतून ओला असतो आणि भिजलेल्या बिस्किटासारखा तुटतो, म्हणून चढायचं ते फक्त हिवाळ्यात. दर रविवारी आम्ही जायचो. तीन हिवाळे मी दोर बांधूनच चढले. मग छोट्या खडकांवर दोर सोडायला लागले, आणि तिथून आमच्यात कुरबूर सुरू झाली.

दोर का नाही, हे मला पुष्कळांनी विचारलंय. दोर बांधला की माझं अर्धं लक्ष त्याच्याकडे असायचं. चुकलं तरी चालेल हे पाठीशी असलं की मी चुकायचे. दोर नसला की हात, पाय आणि समोरचा वीतभर दगड एवढंच उरायचं. शाळा नाही, गल्ली नाही, स्थळं नाहीत. माझ्या आयुष्यात दुसरीकडे कुठेही मी इतकी पूर्ण जागी नसते. हे कारण पुरेसं आहे असा माझा दावा नाही. खोटं कारण देण्यापेक्षा हे बरं. आणि जिथे मी दोर बांधून पुन्हापुन्हा चढले नाही, प्रत्येक पकड हाताला पाठ झाली नाही, तिथे मी कधीच दोराशिवाय गेलेले नाही.

मैत्रिणीला हे पटत नव्हतं. ती म्हणायची, तू तालमीची गोष्ट सांगतेस, पण दगडानं तालीम केलेली नसते.

तो मोठा कडा मी एक अख्खा हिवाळा दोर बांधून चढले. झोपायच्या आधी डोळे मिटून खालपासून वरपर्यंत सगळ्या पकडी मनात घेऊन यायचे. माघ संपत आला होता, हवा कोरडी होती. एका रविवारी मी तिला म्हटलं, आज दोर पिशवीतच राहू दे. तिनं पिशवीची नाडी ओढून बांधली. मग म्हणाली की तुला अडवायला मी कोण, पण मी खाली थांबेन.

खालचा अर्धा भाग ठरल्यासारखा गेला. भेगेत मूठ घालायची, आवळायची, पाय वर घ्यायचे. मध्यावर अर्धं पाऊल मावेल एवढी कपार आहे. तिच्या वर कडा थोडा अंगावर येतो. तिथे डावी मूठ भेगेत आणि उजवा हात एका पापुद्र्यावर, थाळीएवढ्या. तो पापुद्रा मी हिवाळाभर वापरला होता, ठोकून पाहिला होता, त्या दिवशीही ठोकला. आवाज भरीव आला. त्याच्यावर भार टाकला आणि तो माझ्या हातात आला.

असं लिहिताना वाटतं की किंचाळी वगैरे आली असेल. काही आलं नाही. उजवा हात, उजवा पाय हवेत गेले, अंग दारासारखं उघडलं, आणि मी डाव्या मुठीवर आणि डाव्या पायाच्या चवड्यावर राहिले. दगड खाली पडल्याचा आवाज फार उशिरा आला. मुठीची साल निघाली होती, मनगटावरून रक्त कोपरापर्यंत येत होतं. मी अंग परत दगडाला टेकवलं. खाली उतरायला त्याच पापुद्र्याचा आधार लागायचा, म्हणजे उतरणं संपलं होतं.

तेव्हा मला भीती वाटली. छाती भरून जाईल एवढी. लोक म्हणतात तुला भीतीच वाटत नसेल. तो त्यांचा गैरसमज आहे. भीती वाटली, आणि त्याबरोबर रागही आला. कुणावर ते माहीत नाही. ह्या एका टवक्यामुळे मी इथून खाली जाणार नाही, असा काहीतरी हट्टाचा राग. पापुद्रा निघाला तिथे ताज्या, फिकट दगडाची एक कड उघडी पडली होती, नाण्याच्या कडेएवढी. मी तिच्यावर दोन बोटं ठेवली. आधी थोडा भार, मग थोडा आणखी. ती कड राहिली. मी वर गेले.

माथ्यावर एक पळस आहे. त्याच्या खोडाला धरून मी बसले आणि ओकले.

मागच्या वाटेनं मैत्रीण धापा टाकत वर आली. तिनं खालून दगड पडताना पाहिला होता आणि तो दगड आहे की मी, हे तिला काही क्षण कळलं नव्हतं. आधी तिनं माझ्या तोंडात मारली. मग माझं मनगट स्वतःच्या ओढणीनं बांधलं. परतताना स्कूटर ती चालवत होती. रामनगरच्या पुलावर तिनं स्कूटर कडेला थांबवली आणि मागे न बघता म्हणाली, "दोर तुझ्याकडे राहू दे. मी ह्यापुढे येणार नाही. तुला पडताना बघायला मी येणार नाही."

मी म्हटलं, "मग बघू नकोस."

हे मी आजही वेगळं बोलले नसते. पण ते बोलून झाल्यावर पुलावरून घरापर्यंत तिच्या पाठीमागे बसून येणं मला त्या कड्याहून जड गेलं.

घरी मी पडल्याचं सांगितलं. मैत्रिणीकडच्या जिन्यात. ते फार टिकलं नाही. धबधब्यापलीकडून, सहलीला आलेल्या कुणीतरी मोबाइलवर माझं चित्रण केलं होतं. ते फिरत फिरत होळीनंतर आमच्या मराठी समाजाच्या ग्रुपवर येऊन पडलं. दुरून घेतलेलं, हलणारं, पण माझी वेणी आणि माझा निळा कुडता गल्लीतल्या कुणीही ओळखावा असा.

संध्याकाळपर्यंत बैठकीत माणसं जमली. एका काकूंनी विचारलं, हिला काही दुःख आहे का, डॉक्टरला दाखवलं का. एका गृहस्थांनी सांगितलं की आता हिचं लग्न होणं कठीण. मी चहा केला, सगळ्यांना दिला, आणि माझा कप घेऊन त्यांच्यातच बसले. मला आत जाऊन बस असं कुणीतरी म्हणेल असं वाटत होतं. कुणी म्हटलं नाही.

माणसं गेल्यावर बाबा बोलले. "जगभरातून लोक काशीत मरायला येतात. तू काशीत जन्मलीस आणि मरायला बाहेर चाललीस."

"मरायला जायचं असतं तर एवढी तालीम कशाला केली असती?"

आईला वेगळीच चिंता होती. रामनगरला व्यासकाशी म्हणतात, आणि त्या बाजूला मेलेला माणूस पुढच्या जन्मी गाढव होतो असं आमच्याकडे जुनं बोललं जातं. कडा रामनगरच्याही पलीकडे. "तुला काही झालं तर कुठली गती मिळेल, ह्याचा विचार केलास?" ती म्हणाली.

"गाढव होईन. गाढवं डोंगर बरे चढतात."

आई रडायला लागली. बाबा हसले नाहीत, चिडलेही नाहीत. मणिकर्णिकेहून येणाऱ्या लोकांचे विधी त्यांनी आयुष्यभर केले होते. तरणी मुलं गेलेले आईबाप त्यांनी समोर बसवले होते, त्यांच्या हातात दर्भ दिले होते. ते जे बोलत होते ते कुठल्या अनुभवातून, हे मला ठाऊक होतं, आणि तरीही मला थांबायचं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, मला ती जागा दाखव.

पुढच्या हिवाळ्यापर्यंत हा विषय निघाला नाही. मला वाटलं ते विसरले. मार्गशीर्षातल्या एका शनिवारी त्यांनी जेवताना विचारलं की उद्या जायचं का.

सत्तरी ओलांडलेले बाबा माझ्या स्कूटरवर मागे बसले. कानटोपी, शाल, काठी, खांद्याला पिशवी, पिशवीत घरचं पाणी, कारण ते बाहेरचं घेत नाहीत. पूल ओलांडताना त्यांनी गंगेला हात जोडले, तेव्हा स्कूटर जरा हलली आणि मी त्यांना धरून बसायला सांगितलं. वाटेत आम्ही फारसं बोललो नाही. ते काय ठरवून निघाले होते ते मला नंतर कळलं. बाप समोर उभा असताना ही चढणार नाही, अशी त्यांची खात्री होती. आणि एकदा समोर बघितलं की त्यांना पटेल, अशी माझी.

कड्यासमोर ते बराच वेळ मान वर करून उभे राहिले. मग साधेपणानं म्हणाले, "नको चढूस."

"चढते, बाबा."

मी बूट घातले. हाताला पांढरी पावडर चोळली. त्यांनी आणखी काही म्हटलं असतं तर मी काय केलं असतं, ह्याचा मी पुढे विचार केलाय. चढलेच असते. ते एका दगडावर बसले आणि काठी दोन्ही हातांनी पुढ्यात धरली.

सुरुवातीला मला दगड दिसेना. पाठीवर त्यांची नजर होती. मी खाली येऊन पुन्हा उभी राहिले, श्वास घेतला, आणि मग परत हात लावला. दगड गार होता. भेगेत मूठ बसली. थोडं वर गेल्यावर बाबा गेले, आई गेली, ग्रुपवरचे लोक गेले. कपार आली. तिच्या वरची ती नाण्याच्या जाडीची कड आता थोडी मळली होती, कारण दिवाळीपासून मी ती एका नव्या जोडीदाराबरोबर दोर बांधून पुष्कळदा धरली होती. एका मोहोळावर उन्हाबरोबर माश्यांची लाट उठली आणि बसली. खालून एक गिधाड निघून माझ्या बरोबरीनं वर आलं, पंख न हलवता, आणि त्याच्या पिसांचा आवाज मला ऐकू आला. त्या उंचीवर, त्या आवाजात, मला कुणाचीही परवानगी नको होती.

मागच्या वाटेनं उतरून आले तेव्हा बाबा त्याच दगडावर बसले होते. पाण्याची बाटली उघडलेली नव्हती. काठीच्या मुठीचे वळ तळहातावर उमटले होते. मी शेजारी बसले.

"मला तुला हाक मारायची होती," ते म्हणाले. "ओठांपर्यंत आली होती. मारली असती तर तू दचकली असतीस. म्हणून गप्प राहिलो. ह्याला संमती समजू नकोस."

"नाही समजत."

"पुन्हा जाशील."

"जाईन."

त्यांनी बाटली उघडली, आधी मला दिली. "मी पुन्हा येणार नाही," ते म्हणाले.

तसे ते आलेही नाहीत. आमच्यात तडजोड झाली असं कुणी समजू नये. त्यांना ते चूक वाटतं, आजही. मी एकच बदललं. जिन्यात पडल्याची थाप पुन्हा मारली नाही. जाते तेव्हा आदल्या दिवशी सांगते. ते ऐकतात आणि पोथीत बघत राहतात. पुण्याहून आलेल्या आमच्या एका नातेवाइकांनी त्यांना विचारलं होतं, पोरगी तुम्हाला विचारून जाते का? बाबा म्हणाले, विचारत नाही, सांगते.

शाळेतूनही बोलावणं आलं होतं. मुख्याध्यापिका म्हणाल्या की पालक विचारताहेत, मुलींवर काय परिणाम होईल. मी सांगितलं की मी वर्गात गणित शिकवते, कडे शिकवत नाही, आणि कुठल्या मुलीनं शिकवा म्हटलं तर आधी दोर बांधायला शिकवीन. पण भिंतीवर चढलेल्या मुलीला दंड धरून घरी नेणार नाही. त्यांनी सहामाहीच्या पेपरांचं विचारलं.

मैत्रिणीची नंतर भुसावळकडे बदली झाली. जायच्या आधी ती घरी जेवायला आली, आईनं तिच्यासाठी पुरण घातलं. आम्ही फोनवर बोलतो, पुढे झालेल्या तिच्या मुलाबद्दल, माझ्या शाळेबद्दल. कड्याचं ती विचारत नाही, मी सांगत नाही. तिचं चुकलं असं मला वाटत नाही. माझं चुकलं असंही मला वाटत नाही. तिची जागा मात्र रिकामी राहिली. आता दोर बांधून तालीम करायची तर मिर्झापूरचे एक शिक्षक येतात, भले आहेत, पण ते फार बोलतात.

ह्या हिवाळ्यात एका रविवारी मी दोराशिवाय चढत होते. खाली कॉलेजची पोरं मोबाइल घेऊन उभी होती, हल्ली असतातच. कपारीच्या बऱ्याच खाली मला काहीतरी नको झालं. बोटं ठीक होती, दगड कोरडा होता, मोहोळं शांत होती. तरी नको झालं. मी थोडा वेळ तिथे थांबले, मग एकेक पकड मागे घेत खाली उतरले. उतरायला चढण्याहून जास्त वेळ लागतो, आणि बघणाऱ्याला त्यात काही मजा नसते.

पाय जमिनीला टेकले तेव्हा एका पोरानं मोबाइल माझ्यासमोर धरला.

"डर गईं, मैडम?"

"हाँ, डर गई," मी म्हटलं, आणि बूट काढायला बसले.